कुळगाव-बदलापूरच्या नव्या सभागृहाला खुले पत्र : नदीची जमीन नदीला राहू द्या

माननीय नगराध्यक्ष, उपनगराध्यक्ष आणि सर्व नगरसेवक-नगरसेविका,
कुळगाव-बदलापूर नगरपरिषद

सप्रेम नमस्कार.

मागच्या सभागृहाची मुदत मे २०२० मध्ये संपली आणि तुम्ही निवडून यायला डिसेंबर २०२५ उजाडावा लागला. नगरपालिकेची मुदत संपण्याआधी पुढची निवडणूक झाली पाहिजे, असं राज्यघटनेत स्पष्ट लिहिलेलं असताना मधली साडेपाच वर्षं हे शहर प्रशासकाच्या सहीवर चाललं. आधी करोना, मग ओबीसी आरक्षणाचा खटला, मग प्रभागरचनेचे घोळ. शेवटी ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानेच निवडणुका घ्या म्हणून आदेश दिला, तेव्हा कुठे हालचाल सुरू झाली.

या काळात शहराने काय गमावलं, ते एका दिवसावरून कळतं. शाळेतल्या दोन लहान मुलींवरच्या अत्याचारानंतर २० ऑगस्ट २०२४ रोजी हजारो लोक बदलापूर स्थानकात रुळांवर उतरले. तासन्‌तास गाड्या बंद राहिल्या. देशभरच्या वाहिन्यांवर बदलापूरचं नाव होतं. त्या दिवशी या शहरात लोकांनी निवडून दिलेला एकही नगरसेवक पदावर नव्हता. ज्याच्या दारात जाऊन रागाने, रडून, हक्काने काही विचारावं असं माणूसच नव्हतं. आता तुम्ही एकोणपन्नास जण आहात आणि थेट निवडून आलेले नगराध्यक्ष आहेत. म्हणून हे पत्र.

रस्त्यातले खड्डे, स्थानकाबाहेरचे फेरीवाले, कचऱ्याच्या गाड्या या विषयांवर तुम्हाला पत्रं आली असतील, येत राहतील. मी एकाच विषयावर लिहितोय : या शहराची जमीन कशी आहे, त्यावर किती माणसं राहतात आणि त्या दोन्हींचा हिशेब घालणं तुमच्या हातात कसं आहे.

आधी जमिनीबद्दल. आपण पूर्व आणि पश्चिम म्हणतो ते रेल्वेच्या हिशेबाने. मुंबईहून निघालेली लाइन कल्याणनंतर कर्जतकडे वळते, त्यामुळे नकाशा उघडून पाहिलं तर आपलं पश्चिम शहर खरं तर ईशान्येला आहे आणि पूर्व शहर नैर्ऋत्येला. बदलापूर पश्चिमेत सूर्य आधी उगवतो असं मुलांना सांगितलं की त्यांना मजा वाटते. पण नियोजनाच्या दृष्टीने ही बाब महत्त्वाची आहे, कारण या शहराचा सगळा उतार त्यातून समजतो. कात्रप, शिरगाव, खरवई, जुवेलीच्या पाठीमागे टावलीचा डोंगर, पलीकडे मलंगगड आणि चंदेरीची रांग. समोर दुसऱ्या टोकाला उल्हास नदी. डोंगरावर पडलेला पाऊस उतरत नदीकडे जातो. मधे रेल्वेचा बांध आडवा. त्या बांधाखाली जेवढ्या मोऱ्या आहेत तेवढ्यांतूनच ते पाणी पलीकडे जाऊ शकतं. आणि पलीकडे नदी तुडुंब असेल तर नाल्यांची तोंडं बंद होतात, पाणी उलटं फिरतं.

एवढं ज्याला कळलं त्याला रमेशवाडी, हेंद्रेपाडा, मांजर्ली, वालिवली, सोनिवली या भागांत पाणी का शिरतं, हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. जुनं बदलापूर गाव आणि आसपासचे पाडे नदीच्या जवळ असले तरी जुनी वस्ती उंचवट्यावर बसलेली होती. खालच्या सखल पट्ट्यात भातखाचरं होती. पावसाळ्यात त्या खाचरांत दोन दिवस पाणी थांबलं तर कोणाचं नुकसान होत नसे, उलट भाताला ते हवंच असे. आज त्याच खाचरांवर सात-सात मजली इमारती उभ्या आहेत आणि पाणी आपल्या जुन्या वाटेने येतंच आहे.

२६ जुलै २००५ चा पूर या शहरात ज्याने पाहिला त्याच्या मनातून तो जाणार नाही. त्यानंतर आपण म्हणालो, असं शंभर वर्षांत एकदा होतं. चौदाच वर्षांनी, २७ जुलै २०१९ रोजी, महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मधे चामटोलीजवळ पाण्यात अडकली. हजाराच्या वर प्रवासी होते. एनडीआरएफच्या बोटी, नौदल, हेलिकॉप्टर सगळं आलं. आसपासच्या गावकऱ्यांनीही जिवाची पर्वा न करता मदत केली. गाडीची बातमी जगभर गेली. पण त्याच दिवशी आपल्या पश्चिमेच्या सोसायट्यांमध्ये तळमजले बुडाले होते, पार्किंगमधल्या गाड्या पाण्याखाली होत्या, लिफ्टची यंत्रं आणि पाण्याचे पंप निकामी झाले होते. दोनच वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, पुन्हा तेच. त्यानंतरही जुलैत नदी धोक्याच्या पातळीपर्यंत आली की घरोघर तीच धावपळ.

मी हेंद्रेपाड्यात राहतो. आमच्याकडे जुलैत रात्री कोणी पहिल्यांदा काय बघत असेल तर उल्हासची पातळी. इशारा १६.५० मीटर, धोका १७.५० मीटर. हे दोन आकडे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ आहेत. कर्जत-नेरळकडे किती पाऊस झाला, यावर आमची रात्र ठरते, कारण तिकडचं पाणी काही तासांत इथे येतं. सोळा मीटरचा मेसेज आला की माणसं गाड्या काढून उंच रस्त्यावर नेऊन लावतात. तळमजल्यावरच्या आजी-आजोबांना वरच्या मजल्यावर कोणाकडे तरी हलवतात. फ्रिज टेबलावर चढवतात. हे आता सवयीने, न बोलता होतं. एका शहराने याची सवय करून घ्यावी, हेच मला मान्य नाही.

पुरानंतर दरवेळी बारवी धरणाकडे बोट दाखवलं जातं. नदीचं साधं भूगोलाचं ज्ञान आपल्या सभागृहाला तरी असावं, म्हणून सांगतो. बारवी नदी उल्हासला मिळते ती बदलापूरच्या खालच्या अंगाला. आपल्याकडे येणारं पाणी वरून, राजमाची-कर्जतच्या डोंगरांतून आणि भिवपुरीकडून येतं. त्याच भिवपुरीच्या वीजकेंद्रातून सुटणाऱ्या पाण्यामुळे उल्हास उन्हाळ्यातही वाहते आणि आपल्याला पिण्याचं पाणी मिळतं. नदीला शत्रू समजून चालणार नाही. बॅरेजवरून उचललेलं तिचंच पाणी बदलापूर आणि अंबरनाथ पितात. खाली कल्याण, उल्हासनगर, ठाण्यापर्यंतची लाखो माणसं तिच्यावर जगतात.

आता तुमच्या अधिकाराकडे येतो. एखाद्या नागरिकाने बदलापुरात काही तक्रार करायची ठरवली, तर त्याला किती दारं ठोठवावी लागतात? पाणी आलं नाही, तर महाराष्ट्र जीवन प्राधिकरण. वीज गेली, तर महावितरण. लोकलला गर्दी, तर मध्य रेल्वे. बारवी धरण आणि कारखान्यांची वसाहत एमआयडीसीकडे. मोठे रस्ते आणि मेट्रो एमएमआरडीएकडे. तहसील अंबरनाथला, प्रांत उल्हासनगरला, पोलीस आयुक्तालय ठाण्याला. आमदार निवडायचा तर आपण मुरबाड मतदारसंघात मोडतो, म्हणजे डोंगरपट्ट्यातल्या खेड्यांबरोबर. खासदार निवडायचा तर भिवंडीत. शेजारचं अंबरनाथ, ज्याच्याशी आपलं पाणी, रस्ता, बाजार सगळं जोडलेलं, ते मात्र कल्याण लोकसभेत. एका लोकलच्या डब्यातून उतरणारी माणसं मतदानाला मात्र तीन दिशांना विखुरलेली.

या सगळ्या पसाऱ्यात नगरपरिषदेच्या हातात खरोखर काय उरतं? प्रचारात सगळ्यांनी सगळ्याचीच आश्वासनं दिली : मुबलक पाणी, जादा लोकल, मेट्रो. त्यातलं बहुतेक तुमच्या अखत्यारीत नाही, हे तुम्हालाही माहीत आहे आणि आम्हालाही. पण एक गोष्ट पूर्णपणे तुमची आहे. ती म्हणजे जमीन. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार या शहराचं नियोजन प्राधिकरण नगरपरिषद आहे. कुठे घर, कुठे शाळा, कुठे बाग, कुठे काहीच नाही, हे विकास आराखड्यातून तुम्ही ठरवता. बांधकाम परवानगीवर सही मुख्याधिकाऱ्यांची आणि नगररचनाकारांची असली, तरी ती नगरपरिषदेच्या नावाने दिली जाते. सभागृहाने प्रश्न विचारले, नकाशे मागितले, ठराव केले तर ती सही विचार करून होते. सभागृह गप्प बसलं तर ती फक्त फाइल पुढे सरकवते.

पूररेषेवर गेली काही वर्षं शहरात मोठा वाद चालू आहे. जलसंपदा विभागाने आखलेली निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची हद्द आणि लाल रेषा म्हणजे शंभर वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत नवं बांधकाम नको, दोन रेषांच्या मधे करायचं तर जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान ०.४५ मीटर उंच, असा राज्याच्या एकत्रित विकास नियमावलीतला नियम आहे. नियम चांगला आहे. अडचण त्याच्या अंमलबजावणीत आहे, आणि ती दोन बाजूंनी आहे. त्यांपैकी एकाच बाजूचं बोलून तुमच्याकडे न्याय मागणं बरोबर नाही, म्हणून दोन्ही सांगतो.

पहिली बाजू जुन्या रहिवाशांची. रेषा आखली जाण्याआधी, नगरपरिषदेचीच परवानगी घेऊन बांधलेल्या इमारती आज निळ्या रेषेच्या आत आहेत. त्या जुन्या झाल्या, गळतात, लोखंड उघडं पडलंय. पुनर्विकास करायचा तर परवानगी सहजी मिळत नाही. विकायला काढलं तर घेणारा येत नाही, बँक कर्ज देत नाही. या माणसांनी आयुष्यभराची कमाई घातली आहे. गिरणगावातली, परळ-लालबागची, कुर्ला-घाटकोपरची खोली विकून इथे वन रूम किचन घेतलेली ही माणसं आहेत. त्यांना 'तुम्ही नदीच्या पात्रात का घेतलंत' असं विचारण्याचा हक्क, ज्या कार्यालयाने त्या इमारतीला मंजुरी दिली त्या कार्यालयाला अजिबात नाही.

दुसरी बाजू ही की, या माणसांचं दुःख पुढे करून अख्खी रेषाच मागे ढकला अशी मागणी होते. पूररेषा नव्याने आखा, ती चुकीची आहे, ती शहराच्या विकासाला अडसर आहे, हे मी किती तरी व्यासपीठांवरून ऐकलं आहे. मोजणी चुकली असेल तर जरूर पुन्हा करा. शास्त्रीय मोजणीला कोणाचीही हरकत असू नये. पण २००५, २०१९ आणि २०२१ या तीन वर्षी पाणी कुठपर्यंत आलं, हे या शहरातल्या भिंतींवर लिहिलेलं आहे. ज्या घरांमध्ये पाणी कमरेपर्यंत आलं, त्या घरांत जाऊन विचारा. नवी रेषा त्या खुणांच्या आत येणार असेल, तर ती खोटी आहे, मग तिच्यावर कोणाचीही सही असो.

आणि रेषा जिथे आहे तिथेही काय चालतं? भराव. खाचर घ्यायचं, त्यात डंपरने माती-डेब्रिज ओतायचं, जमीन पाच-सहा फूट वर आणायची आणि मग आमच्याकडे पाणी येत नाही म्हणून फ्लॅट विकायचे. पाणी तर कुठे तरी जाणारच. ते शेजारच्या जुन्या सोसायटीत जातं, जिची जोती आता रस्त्याच्याही खाली गेली आहेत. नदीच्या काठी भराव घालणारा माणूस शेजाऱ्याच्या घरात पाणी सोडत असतो. हा गुन्हा मानला पाहिजे, आणि त्याच्यावर कारवाई करायला तुम्हाला ना मंत्रालयाची परवानगी लागते ना एमएमआरडीएची.

आता माणसांबद्दल. २००१ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या ९८ हजारांच्या आसपास होती. २०११ मध्ये ती १,७४,२२६ झाली. एका दशकात पाऊणपटीहून जास्त वाढ. त्यानंतर जनगणनाच झाली नाही. मधल्या पंधरा वर्षांत खरवई ते सोनिवलीपर्यंत किती टॉवर उभे राहिले, हे कोणीही सकाळी सातच्या फलाटावर उभं राहून सांगू शकेल. लोकसंख्या तीन लाखांच्या पलीकडे गेली असावी, असं शहरात सगळेच म्हणतात. पण कागदावर आपण अजून पावणेदोन लाखच आहोत.

हा कागद निरुपद्रवी नाही. प्रभागरचना त्याच आकड्यावर झाली. तुमची संख्या ४७ वरून ४९ झाली तीही कायद्यातली किमान संख्या वाढल्यामुळे, लोक वाढले म्हणून नव्हे. पंधराव्या वित्त आयोगाचं अनुदान वाटताना २०११ चीच लोकसंख्या धरली गेली. म्हणजे ज्या माणसाने २०१५ नंतर इथे घर घेतलं, कर भरायला सुरुवात केली, त्याच्या वाटचा पैसा अजूनही तो सोडून आलेल्या शहराला जातो. तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरात प्रभाग समित्या असल्याच पाहिजेत, असं घटना सांगते. आपण कागदावर तिथे पोहोचत नाही, म्हणून तो हक्कही नाही.

हे बदलण्याची संधी आता आहे. जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे आणि घरयादीचं काम २०२६ मध्येच व्हायचं आहे. माझी पहिली विनंती अशी की, हे काम फक्त शिक्षकांच्या आणि कर्मचाऱ्यांच्या डोक्यावर टाकून मोकळं होऊ नका. आपल्या शहरातली निम्मी माणसं पहाटे बाहेर पडतात आणि रात्री नऊ-दहाला परततात. दुपारी आलेल्या प्रगणकाला कुलूप दिसतं. भाड्याने राहणाऱ्यांची नोंद सुटते. गावठाणात, आदिवासी पाड्यांवर, वीटभट्ट्यांवर तर आणखी सुटते. प्रत्येक नगरसेवकाने आपल्या प्रभागातल्या सोसायट्यांच्या बैठका घेऊन, कामाच्या वेळा लोकांच्या सोयीच्या ठरवून, एकही घर सुटणार नाही हे बघितलं तर पुढच्या दहा-पंधरा वर्षांचं अनुदान, शाळा, दवाखाना, पाणी या सगळ्यांचा पाया पक्का होईल. तुमच्या पाच वर्षांतलं यापेक्षा मोठं काम मला दिसत नाही.

या निमित्ताने प्रभागपद्धतीबद्दलही बोलतो. २०१५ ला एका प्रभागात एक नगरसेवक होता. या वेळी बहुतेक प्रभागांत दोन. मतदाराने दोन नगरसेवकांना आणि एका नगराध्यक्षाला अशी तीन मतं दिली. दोघे वेगवेगळ्या पक्षांचे असले की काय होतं, हे तुम्हाला पहिल्या महिन्यातच कळलं असेल. गटार तुंबलं तर पहिला दुसऱ्याकडे पाठवतो. श्रेय घ्यायचं असेल तर दोघांचे दोन फलक लागतात. यावर उपाय कायद्यातच आहे. २००९ च्या सुधारणेने क्षेत्रसभेची तरतूद झाली : मतदान केंद्रांच्या परिसरातल्या मतदारांची सभा, नगरसेवकाच्या अध्यक्षतेखाली. ती कुठेच नीट राबवली गेली नाही. बदलापूरने सुरू करावी. दोन्ही नगरसेवक एकाच व्यासपीठावर, समोर त्या भागातले लोक, आणि विषय एकच : आपल्या भागातलं पाणी कुठून येतं, कुठे जातं, त्याच्या वाटेवर काय बांधलंय.

अंबरनाथ-बदलापूरची एकत्र महापालिका व्हावी, ही चर्चाही पुन्हा डोकं वर काढते. १९८३ मध्ये आपल्याला कल्याण महापालिकेत घातलं होतं आणि १९९२ मध्ये बाहेर काढून वेगळी नगरपरिषद दिली, ते का, हे त्या काळचे लोक अजून सांगतात : कर तिकडे जायचा, काम इकडे यायचं नाही. महापालिका झाली तर अधिकारी वाढतील, निधी वाढेल, हे खरं. पण आयुक्ताच्या हाती सगळा कारभार जाईल आणि तुमच्या सभागृहाची पकड सैल होईल. माझं मत आहे की आधी स्वतःची जमीन सांभाळून दाखवू, मग पुढचं बघू.

कारण जे येतंय ते फार मोठं आहे. कल्याण ते बदलापूर तिसरी-चौथी मार्गिका होते आहे, अंबरनाथ-बदलापूरच्या मधे चिखलोलीला नवं स्थानक येतंय, बदलापूर-कर्जत तिसऱ्या-चौथ्या मार्गिकेलाही केंद्राने मंजुरी दिली आहे. कांजूरमार्गहून बदलापूरपर्यंतची मेट्रो-१४ प्रस्तावित आहे. बडोदा-मुंबई द्रुतगती मार्गाचा पनवेलकडचा रस्ता भोज-मोरबेच्या बोगद्यातून आपल्या शेजारून जातोय. हे सगळं झालं की मुंबईतून आणखी लाखभर माणसं इथे येतील, आणि ती यावीत. मुंबईत ज्याला घर परवडत नाही त्याला घर देणं हे या शहराचं मोठं काम आहे, त्याचा मला अभिमान आहे. मी स्वतः तसाच आलेला आहे. प्रश्न इतकाच आहे की त्या माणसाला तुम्ही कोणत्या जमिनीवर घर घ्यायला लावणार.

वरच्या भागात कर्जत तालुक्यात पोशीर आणि शिलार धरणांना २०२५ मध्ये राज्याने मंजुरी दिली. त्यांचा उद्देश मुंबई महानगराला पाणी देणं हा आहे. पण धरणं झाली की पावसाळ्यात दरवाजे उघडण्याचं वेळापत्रक आपल्या घरांशी जोडलं जाईल. त्या नियमावलीत बदलापूरचं म्हणणं असावं, विसर्गाची सूचना किती तास आधी द्यायची हे लेखी ठरावं, यासाठी सभागृहाने आताच ठराव करून जलसंपदा विभागाला पाठवावा. धरण उभं राहिल्यावर पत्र लिहून उपयोग होत नाही.

तेव्हा माझ्या मागण्या सांगतो. त्या थोड्या आहेत आणि पैशापेक्षा इच्छाशक्ती जास्त मागतात.

सर्व्हे नंबरनुसार निळी आणि लाल रेषा दाखवणारा नकाशा नगरपरिषदेच्या दारात, प्रत्येक प्रभागात आणि संकेतस्थळावर मराठीत लावा. ज्या माणसाला फ्लॅट घ्यायचा आहे त्याला बिल्डरच्या माहितीपत्रकावर विसंबून राहावं लागू नये. २०१६ नंतर त्या दोन रेषांच्या आत दिलेल्या प्रत्येक परवानगीची यादी सभागृहात मागा आणि ती लोकांसमोर ठेवा. रस्त्यावरच्या विजेच्या खांबांवर २००५, २०१९ आणि २०२१ च्या पाण्याच्या पातळीचे पट्टे रंगवा. यातून घरांचे भाव पडतील अशी भीती काहीजण घालतील. पण माणूस जिथे आयुष्याची पुंजी ओततो तिथे पाणी किती आलं होतं हे त्याच्यापासून लपवून टिकवलेला भाव कोणाच्या कामाचा?

निळ्या रेषेतल्या जुन्या इमारतींच्या रहिवाशांसाठी राज्याकडे वेगळी तरतूद मागा : त्यांचा बांधकामाचा हक्क शहराच्या उंच भागात हस्तांतरित व्हावा आणि रिकामी झालेली जमीन कायमची मैदान, बाग किंवा पाणी थोपवणारं तळं म्हणून नगरपरिषदेच्या ताब्यात यावी. याला वेळ लागेल. पण मागणीच केली नाही तर ती माणसं गळक्या छताखाली म्हातारी होतील.

विकास आराखड्यातल्या बागा-मैदानांची आरक्षणं तपासा. दहा वर्षांत जमीन संपादित झाली नाही की मालक नगररचना अधिनियमाच्या कलम १२७ खाली नोटीस देतो, आणि मुदतीत पावलं उचलली नाहीत की आरक्षण उठतं. अशा नोटिसा कोणकोणत्या भूखंडांसाठी आल्या आहेत, हे दर तीन महिन्यांनी सभेच्या पटलावर यायला हवं. यातले कित्येक भूखंड नाल्यांच्या काठावर आहेत. ते गेले तर पाण्याला थांबायला शहरात जागाच राहणार नाही.

डोंगराकडून नदीकडे जाणाऱ्या प्रत्येक नाल्याची मूळ रुंदी गावनकाशावरून काढा आणि आज जागेवर जाऊन मोजा. रेल्वेखालच्या मोऱ्यांबद्दल मध्य रेल्वेशी पावसाळ्याआधी संयुक्त पाहणी करा. तिसरी-चौथी मार्गिका टाकताना बांध रुंद होणार आहे, तेव्हा मोऱ्याही रुंद झाल्या पाहिजेत. काम चालू असतानाच हे सांगता येतं. एकदा खडी पडली की पुढची पन्नास वर्षं त्याच मोरीवर काढावी लागतील.

आणि भराव. तो थांबवायला नवा कायदा नको. रात्री नदीकाठी जाणारे डंपर आम्हाला दिसतात, ते तुमच्या अधिकाऱ्यांनाही दिसतात. ज्याच्या जमिनीवर भराव पडेल त्याची परवानगी थांबवायची आणि भराव त्याच्याच खर्चाने उचलायला लावायचा, एवढा एक ठराव येत्या सर्वसाधारण सभेत करा. दोन्ही मोठे पक्ष मिळून केला तर तो टिकेल. या विषयात सत्ताधारी-विरोधक असं काही नाही, कारण रमेशवाडीत पाणी शिरतं तेव्हा ते दोघांच्याही मतदारांच्या घरात शिरतं.

मे महिन्यात नालेसफाईच्या पाहणीला तुम्ही याल, फोटो निघतील. त्याच वेळी हेंद्रेपाड्यातही या. पाण्याच्या खुणा कुठे आहेत ते आमच्या इमारतींच्या भिंतींवर आम्ही दाखवू, आणि तुमच्या हातात त्या दिवशी पूररेषेचा नकाशा असू द्या. दोन्ही शेजारी शेजारी ठेवून बघू.

आपला,
हेंद्रेपाडा, बदलापूर पश्चिम येथील एक रहिवासी